जोडीने नांदणारे शब्द

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील दोन भाऊ वडिलांचे इंग्रजी मृत्युपत्र घेऊन आमच्याकडे आले होते. मृत्युपत्र मुंबईच्या कोणा वकिलाने पूर्वी कधीतरी करून दिलेले. घरात ते कोणालाच नीट उमगत नव्हते. घरालगतच्या जमिनीचा उल्लेख त्यात 'पीस अँड पार्सल ऑफ लँड' असा केला होता आणि ती 'माझ्या मुलांना' असे पुढे लिहिले होते. थोरल्याने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून ठेवला होता. मुलगे दोन, शब्दही दोन. तेव्हा घर उभे आहे तो 'पीस' धाकट्याचा आणि विहिरीपलीकडची वाडी हे 'पार्सल' आपले. वडिलांनी हयातीतच वाटणी करून ठेवली, असा त्याचा आग्रह होता. धाकट्याला हे मान्य नव्हते. महिनाभर दोघे एका अंगणात राहून परस्परांशी बोलत नव्हते.

'पीस' आणि 'पार्सल' या दोन वस्तू नसून एकच आहे, असे आम्ही सांगितले तेव्हा थोरला क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "एकाच जमिनीला दोन शब्द कशाला, सर? वकिलाला काय शब्दावर पैसे मिळतात?"

प्रश्न रागाने विचारलेला असला तरी अगदीच अडाणी नव्हता. इंग्लंडात एके काळी लेखनिकांना मजकुराच्या लांबीवर मोबदला मिळत असे, ही गोष्ट खरी आहे. पण शब्दांच्या या जोड्या काही केवळ लोभातून जन्मलेल्या नाहीत. 'पार्सल' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ लहानसा भाग, तुकडा. टपालाचे पार्सल हा त्याचा फार नंतरचा अवतार. 'पार्ट अँड पार्सल' या सर्वांच्या तोंडी असलेल्या प्रयोगातही 'भाग आणि भाग' एवढेच आहे. आणि तरीही त्या दोहोंच्या संयोगातून 'अविभाज्य अंग' हा अर्थ निर्माण होतो, जो दोघांपैकी कोणाही एकापाशी नाही. इंग्रजीतील जोडशब्दांचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा. आपल्याकडील मार्गदर्शक पुस्तके मात्र त्यांच्या याद्या देतात, प्रत्येकीसमोर एक मराठी शब्द ठेवतात आणि मोकळी होतात. मुले ती यादी परीक्षेपुरती पाठ करतात. तिच्यामागे किती पिढ्यांचे बोलणे दडले आहे याचा त्यांना सुगावाही लागत नाही.

या जोड्यांची एक उपपत्ती बहुतेक पुस्तकांत सापडते. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. राजदरबार व न्यायालये यांत फ्रेंच आली, शेतावर आणि चुलीपाशी इंग्रजी राहिली. १३६२ साली न्यायालयांत इंग्रजीतून बोलावे असा कायदा झाला, आणि तो कायदाच फ्रेंच भाषेत लिहिलेला होता! अशा दुभाषी राज्यात लेखनिकाने दोन्ही भाषांतील एकेक शब्द शेजारी ठेवला की कोणाचा गैरसमज होण्यास जागा उरत नसे. 'विल अँड टेस्टामेंट' यांतील पहिला शब्द इंग्रज, दुसरा लॅटिन घराण्यातला. 'गुड्स अँड चॅटल्स', 'लँड्स अँड टेनेमेंट्स', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग' यांची घडण अशीच. मराठी वाचकाला हे पटवून देण्याची गरजच नाही. दख्खनेत काही शतके फारसीचा अंमल होता आणि आपल्याही तोंडी 'कागदपत्र', 'धनदौलत', 'लाजशरम', 'रीतिरिवाज', 'बाजारहाट' हे शब्द बसले आहेत. एक पाय संस्कृतात वा देशीत, दुसरा फारसी-अरबीत. 'गुड्स अँड चॅटल्स' याला आपली 'चीजवस्तू' तर जुळी बहीण शोभावी. चीज फारसी, वस्तू संस्कृत. जाता जाता हेही सांगावयास हवे की 'चॅटल' आणि गुराढोरांना म्हणतात तो 'कॅटल' हे मुळात एकच शब्द होत. ज्या काळी गोठ्यावरून माणसाची श्रीमंती मोजत, त्या काळची ही खूण आहे.

ही उपपत्ती आकर्षक आहे आणि म्हणूनच तिच्याविषयी थोडी सावधगिरी बाळगावी. 'नल अँड व्हॉइड' यांतले दोन्ही शब्द फ्रेंचकडून आलेले, 'एड अँड अबेट' यांतलेही तसेच. उलट 'टू हॅव अँड टू होल्ड' यांतली दोन्ही क्रियापदे अस्सल इंग्रज आहेत आणि नॉर्मन येण्यापूर्वीपासून जोडीने वावरत आहेत. मग येथे कोणी कोणासाठी भाषांतर केले? तेव्हा दुभाषेपणाने ही सवय वाढवली असेल, निर्माण केली नाही. कायदा कागदावर येण्यापूर्वी तो लोकांच्या स्मरणात राहत असे आणि स्मरणाला अनुप्रासाचा आधार लागतो. 'बेड' म्हटले की 'बोर्ड' आपोआप आठवावा, 'किथ' म्हटले की 'किन'. आपले 'काबाडकष्ट' आणि 'साधासुधा' हे शब्द कोणत्या न्यायालयाने घडवले? ते कानाने घडवले.

'किथ अँड किन' या जोडीपाशी थोडे थांबावयास हवे. मार्गदर्शक पुस्तकात तिचा अर्थ 'नातेवाईक' असा दिलेला असतो. तो 'किन'चा अर्थ झाला. 'किथ' म्हणजे मुळात ओळखीचा मुलूख, पुढे त्या मुलखातील ओळखीची माणसे. त्याच मुळापासून आलेला 'अनकूथ' हा शब्द आज गावंढळ या अर्थाने वापरतात. त्याचा पहिला अर्थ अनोळखी असा होता. म्हणजे 'किथ अँड किन' या जोडीत पूर्वी गाव आणि गोत दोन्ही होते. गाव मेले, गोत उरले. पण मेलेल्याचे नाव जिवंताच्या जोडीने अजून घेतले जाते. 'किथ' हा शब्द आज एकटा कोणी उच्चारीत नाही. मराठीत 'शेजारीपाजारी' यांतला 'पाजारी' असाच. त्याला एकट्याने हाक मारली तर तो ओ देणार नाही. आमचे व्याकरणकार असल्या शब्दांना अंशाभ्यस्त म्हणून पुढे जातात. परंतु 'शेजाऱ्यांना सांग' आणि 'शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांग' यांतला फरक गावात वाढलेल्या माणसाला कळतो. पहिल्यात दोन दारे ठोठवायची असतात, दुसऱ्यात अख्खी आळी. निरर्थक म्हणून ज्याची बोळवण झाली तो अर्धा शब्दच वाक्याचा विस्तार करतो.

'स्पिक अँड स्पॅन' याचेही असेच. पुस्तक सांगते, 'स्वच्छ, नीटनेटके'. मुळात 'स्पॅन' म्हणजे लाकडाची नुकतीच निघालेली ढलपी आणि 'स्पिक' म्हणजे खिळा. दोन्ही मिळून अर्थ होता नवाकोरा. सुताराच्या हातून आताच उतरलेल्या वस्तूचा वास त्या शब्दाला होता. आज तो झाडलोटीपुरता उरला आहे. 'ह्यू अँड क्राय' याची कथा अधिक गंभीर आहे. येथील 'ह्यू' म्हणजे रंग नव्हे. हाही फ्रेंच शब्द, अर्थ आरोळी. १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्याने दरोडा पडताच आरोळी उठवून गावोगाव चोराचा पाठलाग करणे हे प्रजेचे कर्तव्य ठरवले होते. चोर हाती लागला नाही तर नुकसान त्या भागातील लोकांनी सोसायचे. म्हणजे ती आरोळी ही जबाबदारी होती. आज वर्तमानपत्रे विधानसभेतील गोंधळाला 'ह्यू अँड क्राय' म्हणतात. आरोळी शिल्लक राहिली, धावणे गेले.

सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र आमच्या बहुतेक घरांतील कपाटात जपून ठेवलेले आहे. आखातात, इस्राएलमध्ये, कॅनडात मुले गेली त्या घरांत पासपोर्ट ही काही अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. त्याच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जे एकच लांबलचक इंग्रजी वाक्य छापलेले असते, त्यात तीन जोड्या आहेत: 'रिक्वेस्ट अँड रिक्वायर', 'लेट ऑर हिंड्रन्स' आणि 'असिस्टन्स अँड प्रोटेक्शन'. मधली जोडी पाहा. 'लेट' म्हणजे करू देणे, असे आपण पाचवीत शिकलो. येथे त्याचा अर्थ नेमका उलट आहे: अडवणे. ही दोन निराळी क्रियापदे. उच्चार एक झाला आणि अडवणारे क्रियापद करू देणाऱ्यापुढे टिकले नाही. ते या जोडीत आणि टेनिसच्या मैदानात तेवढे लपून राहिले. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की पंच 'लेट' म्हणतात तो हाच शब्द. जोडीने त्याला आसरा दिला नसता तर तो केव्हाच नाहीसा झाला असता.

त्याच पानावर या वाक्याचा हिंदी पाठही आहे. सरकारी भाषांतराची आम्ही आजवर पुष्कळ चेष्टा केली आहे, म्हणून हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे की येथे भाषांतरकाराने बाजी मारली आहे. 'लेट ऑर हिंड्रन्स' याला त्याने 'रोक-टोक' हा शब्द योजला. त्याने 'लेट'ला वेगळा आणि 'हिंड्रन्स'ला वेगळा प्रतिशब्द शोधला नाही, किंवा दोहोंचा मिळून 'अडथळा' असा एक सपाट शब्दही केला नाही. जोडीला त्याने जोडीच दिली, आणि तीही अशी की जी हिंदी माणूस दारात उभा राहून सहज बोलेल. जोडशब्दांच्या भाषांतराची याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

अर्थात प्रत्येक वेळी असे भाग्य लाभत नाही, कारण दोन भाषांतील दिसायला सारख्या जोड्या पुष्कळदा एकमेकींना फसवतात. इंग्रजीत 'राइट अँड लेफ्ट' म्हणजे चोहोबाजूंनी, सरसकट. मराठीत 'डावेउजवे करणे' म्हणजे पंक्तिप्रपंच. 'हाय अँड लो' शोधणे म्हणजे कानाकोपरा धुंडाळणे. आमचा 'उच्चनीच' हा शब्द मात्र समाजाची जुनी जखम आहे, त्याने काही शोधता येत नाही. उलट 'इन ब्लॅक अँड व्हाइट' म्हणजे लेखी, आणि मराठीनेही लिहिण्याला 'पांढऱ्यावर काळे करणे' म्हटले आहे. कागद-शाई दोन्हीकडे सारखी, म्हणून हा मेळ बसला.

जोडीतील क्रम हीदेखील नाजूक बाब आहे. फाउलर या इंग्रजी कोशकाराने १९२६ साली असल्या शब्दांना 'सयामी जुळे' असे नाव दिले होते. पुढे १९५९ साली याकोव्ह माल्कील या भाषाशास्त्रज्ञाने त्यांच्या अपरिवर्तनीय क्रमावर एक मोठा निबंध लिहिला. हा क्रम किती बळकट असतो हे पवित्र शास्त्राच्या भाषांतरात दिसते. 'फ्लेश अँड ब्लड', मांस व रक्त, म्हणजे मर्त्य मानव. ही मूळची सेमिटिक वळणाची जोडी बायबलमधून युरोपभर गेली. परंतु इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मूळ ग्रीकमध्ये क्रम उलटा आहे: आधी रक्त, मग मांस. बहुतेक इंग्रजी भाषांतरांनी तो निमूटपणे आपल्या वळणावर आणून ठेवला. मराठी माणूस मर्त्यपणा सांगताना 'हाडामांसाचा माणूस' म्हणतो. त्याला हाडाशिवाय माणूस उभा करवत नाही. उत्पत्तीच्या आरंभी सृष्टीपूर्व पोकळीसाठी हिब्रूत 'तोहू वाबोहू' अशी जोडी आहे. यांतला 'बोहू' संपूर्ण हिब्रू शास्त्रात तीनदाच येतो आणि प्रत्येक वेळी 'तोहू'च्या सोबतीने. 'पाजारी' हा शब्द त्याच्या फार दूरचा भाऊ म्हणावयास हरकत नाही.

आता 'टू हॅव अँड टू होल्ड'. इंग्रजी चित्रपटांतील लग्नांमुळे ही जोडी आमच्या तरुण मंडळींच्या ओठांवर आहे आणि लग्नपत्रिकांवरही ती कधी कधी दिसते. अनेकांना ती प्रॉटेस्टंट प्रार्थनाग्रंथाची देणगी वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १५४९ सालच्या त्या ग्रंथाच्या कितीतरी आधी, सॉल्सबरीच्या कॅथलिक प्रथेनुसार चालणाऱ्या विवाहविधीत ती होती. सारा विधी लॅटिनमध्ये, वचन तेवढे इंग्रजीत. कारण वचन देणाऱ्याला आपण काय बोलतो हे कळले पाहिजे. वधू आणखीही एक वचन देत असे: 'बोनेअर अँड बक्सम' राहीन, 'बेड' येथे आणि 'बोर्ड' येथेही. 'बोनेअर' म्हणजे सौम्य, 'बक्सम' म्हणजे लवणारी, ऐकणारी. 'बोर्ड' म्हणजे जेवणाचे मेज. आज 'बक्सम' शब्दाचा अर्थ अंगाने भरलेली स्त्री असा झाला आहे, तेव्हा ते वचन गेले हे एका परीने बरेच झाले. 'बेड अँड बोर्ड' मात्र पतिपत्नींच्या विभक्त राहण्याच्या कायद्यात टिकले. लॅटिनमध्ये तेथे मेज आधी आणि शय्या नंतर येते, इंग्रजीने अनुप्रासाच्या सोयीने क्रम फिरवला. आमच्याकडे याच प्रसंगी चूल वेगळी होते.

'हॅव अँड होल्ड' ही जोडी जमिनीच्या खरेदीखतांतही आहे. मुंबईत होणाऱ्या इंग्रजी दस्तऐवजांत ती आजही आढळते. यावरून काही टीकाकारांनी असा आक्षेप घेतला आहे की विवाहात स्त्रीचे हस्तांतर जमिनीसारखे होते आणि हे शब्दच त्याची साक्ष देतात. आक्षेप झिडकारण्याजोगा नाही. स्त्रीला मालमत्ता मानणारा काळ होऊन गेला आहे. तथापि या जोडीपुरता तो आम्हांस अपुरा वाटतो. एक तर हे शब्द वर आणि वधू दोघेही उच्चारतात. दुसरे, या जोडीचा इतिहास खरेदीखताहून जुना आहे. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात राजा ह्रोथगार आपला सभामंडप एका रात्रीसाठी परक्या वीराच्या हवाली करतो, तेव्हा तो हीच दोन क्रियापदे जोडीने वापरतो. मंडप राजाचाच राहणार आहे, वीर त्याचा मालक होत नाही. त्याने तो रात्रभर राखायचा आहे, बाहेर काळोखात संकट दबा धरून असताना. 'होल्ड' येथे मुठीत धरणे नव्हे, पहारा देणे आहे. गुराख्याच्या हातातील काठीला जो अर्थ आहे तो.

शब्दाला शब्द ठेवून 'जवळ बाळगणे व धरून ठेवणे' असे भाषांतर आम्ही एका हौशी पत्रिकेत पाहिले होते. ते वाचताना लग्नघराऐवजी पोलीस ठाणे डोळ्यांसमोर आले. मराठीत 'राखणे' हे क्रियापद आहे, आणि त्यात ठेवणे व रक्षणे दोन्ही एकवटले आहेत. आपले म्हणणे आणि राखणे, असे कोणी लिहिले असते तर ते मूळच्या फार दूर गेले नसते. १९६९ च्या रोमन विवाहविधीत ही इंग्रजी जोडी नाही. तेथे अनुकूल-प्रतिकूल काळ आणि आजार-आरोग्य अशा विरुद्धार्थी जोड्या आहेत, आणि 'सुखदुःख' हा शब्द ज्या भाषेने घडवला तिला त्या अवघड जाऊ नयेत.

जोडी केव्हा ठेवावी आणि केव्हा सोडावी, हा प्रश्न इंग्रजी मिस्साविधीच्या भाषांतरानेही ऐरणीवर आणला. लॅटिन विधीतील दुहेरी शब्द, जसे 'मागतो व याचितो', हे प्राचीन रोमन प्रार्थनेच्या आणि कायद्याच्या शैलीतून आले, असे क्रिस्टिन मोरमान या डच विदुषीने दाखवून दिले आहे. १९७३ च्या इंग्रजी भाषांतराने रोमन कॅनॉनमधील अशा अनेक जोड्यांना पाल्हाळ समजून कात्री लावली. जेथे प्रभूच्या हातांना दोन विशेषणे होती तेथे एक ठेवले. २०११ च्या भाषांतराने ती पुन्हा जागेवर बसवली. अनेक इंग्रजी भाषकांना नवे भाषांतर जड वाटले. आमचे मत विचाराल तर दोन्ही पक्षांची एकेक चूक झाली. पहिल्याला जोडी म्हणजे पुनरुक्ती वाटली. दुसऱ्याने जोडी जपली, परंतु ती इंग्रजी माणसाच्या जिभेवर पूर्वीपासून खेळणारी आहे की नाही हे पाहिले नाही. 'रोक-टोक' शोधणाऱ्या त्या अनामिक कारकुनाला जे साधले ते येथे विद्वानांच्या मंडळाला क्वचितच साधले. मराठीत 'अर्जविनंती' आहे, 'आर्जव' आहे, 'काकुळत' आहे. आमच्या प्रार्थनांचे भाषांतर करणाऱ्यांनी या पेट्या अधूनमधून उघडून पाहाव्यात. आणि प्रत्येकच जोडी पूज्य नसते. 'ईच अँड एव्हरी', 'फर्स्ट अँड फोरमोस्ट' या सभासंमेलनांतील जोड्या निव्वळ भरताड आहेत; त्यांतला एक शब्द गेला तर कोणीही रडणार नाही.

त्या दोन भावांचे मृत्युपत्र आम्ही शेवटी मराठीत उतरवून दिले. 'पीस अँड पार्सल' येथे जोडी मोडून 'जमिनीचा तुकडा' एवढेच लिहिले, कारण तेथे जोडीनेच घर मोडण्याची वेळ आणली होती. 'गुड्स अँड चॅटल्स' याला 'चीजवस्तू' बसली. पुढे 'लँड्स अँड टेनेमेंट्स' आले, तेथे आम्ही मोठ्या समाधानाने 'जमीनजुमला' असा शब्द योजला. थोरल्याने तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि धाकट्याकडे पाहत, महिन्याभरात पहिल्यांदाच हसून म्हणाला, "ठीक आहे. जमीन तू घे. पण जुमला माझा."